पदराच्या गाठीतली माती

हौसा, परवा पाणी शेंदताना तू वाकलीस आणि तुझ्या पदराची गाठ माझ्या हाताला लागली. टणक होती. तू पटकन पदर ओढून घेतलास. नाणी असती तर वाजली असती, सुपारी असती तर एवढी मोठी नसती. त्या गाठीत काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण तशीच गाठ माझ्या पदराला सात वर्षं होती.

हे तोंडाने सांगायला मला जमणार नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे तू या घरात आल्यापासून सहा महिने बघतेस. म्हणून माझ्या मंदीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेऊन बसले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तुझं सातवी. चुका दिसतील. काढ हवं तर, पण वाचून पुरं कर. लिहून झालं की वही तुझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवीन. जाऊबाईंनी आपली ट्रंक उघडली म्हणून रागावू नकोस.

आणि घाबरू नकोस. यात रडण्याजोगं थोडं आहे, हसण्याजोगं पुष्कळ.

*

गेल्या साली, म्हणजे एकाहत्तरचा शिमगा नुकताच झाला होता. आपल्या उसाला तोड आली होती. मी डोक्यावर उसाच्या हिरव्या वाढ्यांचा भारा घेऊन गोठ्याकडे येत होते. विहिरीपाशी आले आणि एकदम सगळं पिवळं दिसायला लागलं. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी वाढ्यांवर आडवी होते आणि आपली म्हैस माझ्या कानाजवळचं हिरवं ओढून खात होती.

आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. "दिष्ट लागली गं माझ्या सुनेला," म्हणाल्या.

हे दारात उभे होते. म्हणाले, "वाळल्या काडीला दिष्ट लावायला कोन बसलंय रिकामं?"

खरं सांगते, त्याआधी वर्षभर मला बरं नव्हतं. चार पायऱ्या चढले की छाती धडधडायची. नखं चमच्यासारखी खोल झाली होती. तोंडाला चव नव्हती. पण आजारी आहे असं कोणी म्हणालं नाही, उलट कौतुक झालं. शेजारच्या बायका म्हणायच्या, "सूनबाई लई उजळली हो!" मला मनातून बरं वाटायचं. लग्नात मला सावळी म्हणून नाक मुरडणाऱ्या याच बायका होत्या. मी आरशात बघायचे आणि म्हणायचे, खरंच की, गोरी झाले.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, जीभ बघितली, नखं दाबली. मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त किती कमी आहे, कल्पना आहे का? इथपर्यंत चालत कशी आली ही?"

"चालत न्हाई, येष्टीनं आलो," हे म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. मला विचारलं, "किती दिवस अशी पांढरी आहेस?"

मी मान खाली घालून म्हणाले, "गोरी झालेय म्हनत्यात सगळे."

"गोरी नाही गं बाई. पांढरी. यात फरक आहे." आणि त्यांनी तिथल्या तिथे खाट लिहून दिली.

माझ्या गोरेपणाचं असं झालं.

*

पहिले दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. मंदीची वेणी कोण घालणार, एवढंच डोक्यात. मरणाची भीती होतीच, पण हौसा, मला तिच्याहून जास्त भीती वाटायची ती सकाळच्या फेरीची. इतकी अनोळखी माणसं आपल्याकडे बघतात आणि आपण झोपलेलं असायचं!

पहाटे फिनेलच्या वासाने जाग यायची. मग काखेत काचेची नळी. मग दूध. दूध मला एकटीला, पेलाभर, आणि समोर कोणी बसलेलं नाही की ज्याला अर्धं काढून द्यावं. पहिल्या दिवशी मी ते मंदीसाठी झाकून ठेवलं. मालन सिस्टरने बघितलं. ती नगरचीच, जीभ तिखट आणि हात मऊ. म्हणाली, "पोरगी कधी येनार? रविवारी? तवर दही हुईल त्याचं. पी मुकाट."

शेजारच्या खाटेवर चाँदबी होती. माझ्या आईच्या वयाची, नेवाशाकडची, साखरेच्या आजाराने आलेली. तिला गोड बंद. माझं दूध बघून म्हणायची, "पोरी, माझ्या वाटची साखर तुझ्या दुधात घाल, मी नुसती बगते." अशी दिवसभर चालायची तिची बडबड. मला उत्तर द्यावं लागायचं नाही, म्हणून ती मला फार आवडली.

मग रक्त द्यायचं ठरलं. यांना विचारलं. यांचा चेहरा माझ्याहून पांढरा झाला. आत्याबाई पुढं झाल्या, "माझं घ्या, म्हातारीला कशाला पायजे!" तेव्हा यांना लाज वाटली आणि बाही वर केली. बाटली भरली, हे उठले, दोन पावलं चालले आणि धाडकन खाली. चाँदबीने आरोळी ठोकली, "सिस्टर, धनी पडला!" यांना माझ्याच शेजारच्या रिकाम्या खाटेवर निजवलं. लग्नानंतर दिवसाउजेडी आम्ही दोघं पहिल्यांदाच असे शेजारी पडलो असू. सगळा वॉर्ड बघत होता. मी पदर तोंडावर घेतला आणि आत हसले. किती तरी दिवसांनी हसले.

*

आता गाठीचं.

रक्त चढवलं, जंताचं औषध झालं, लोखंडाच्या काळ्या गोळ्या रोज तीन. पंधरा दिवसांनी तपासलं तर रक्त वाढण्याऐवजी थोडं कमीच. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "गोळ्या फेकतेस का?" नाही म्हणून मान हलवली. "मग जातंय कुठं रक्त?"

कुठं जातंय ते माझ्या पदराला बांधलेलं होतं. भाजकी माती. दारावर टोपलीत विकायला येते तीच, विटकरी रंगाची. मंदी पोटात असताना सवय लागली ती गेली नाही. पुढं नुसत्या वासाने जीव वेडा व्हायचा. सारवलेली भिंत ओली असली की मी तिथंच घोटाळायचे. दवाखान्यात मी पांघरुणात तोंड घालून खायचे. आवाज होऊ नये म्हणून आधी जिभेवर विरघळवायचे.

त्या दिवशी दुपारी मालन सिस्टर एकटीच आली. मी मनाशी दहा वेळा घोकलं आणि म्हणाले, "सिस्टर, मी माती खाल्ली."

ती माझ्या खाटेवर बसली. हळूच म्हणाली, "काय केलंस?"

"माती खाल्ली."

"अगं हुतं असं. चुका मानसाकडूनच हुत्यात. सासूशी भांडलीस व्हय?"

"न्हाई. माती..."

"गोळ्या कुनाला देऊन टाकल्यास? का नवऱ्याला काही उलटं बोललीस? बोल की, मी न्हाई सांगत कुनाला."

पलीकडून चाँदबी म्हणाली, "नवऱ्याला ती सुलटं बी बोलत न्हाई, उलटं काय बोलनार!"

मी पदराची गाठ सोडली आणि तो विटकरी खडा सिस्टरच्या हातावर ठेवला. ती खड्याकडे बघते, माझ्याकडे बघते. खड्याला माझे दात लागलेले. मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि तिने कपाळावर हात मारला. "अगं माझे आई! ही खरीच माती खाती!" आणि हसत सुटली. चाँदबीला खोकला येईस्तोवर हसू आलं. कोपऱ्यातली बाळंतीण पोट धरून हसली. आणि हौसा, मीही हसले. सात वर्षं जे लपवलं ते एका मिनिटात सगळ्यांना कळलं, आणि छत काही कोसळलं नाही.

डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आधीच सांगायचं ना. रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते. आणि माती खाल्ली की गोळ्या अंगी लागत नाहीत. तू एकटी नाहीस, पुष्कळ बायका खातात. कोणी सांगत नाही एवढंच."

हे वाक्य तू दोनदा वाच. तुझ्यासाठीच लिहिलं आहे.

*

मग बाईंनी जेवणाचं विचारलं. "काय खातेस?"

"भाकरी."

"कशाबरोबर?"

"चटनी. कधी कालवण उरलं तर."

"उरलं तर म्हणजे? तू कधी जेवतेस?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"हुलगे, मटकी, तीळ, पालेभाजी? तुमच्याकडे शेती आहे ना?"

"ऊस हाय," मी म्हणाले.

मी त्या दिवशी पहिल्यांदाच विचार केला. मी या घरात आले तेव्हा पाटाचं पाणी आलं नव्हतं. सगळ्या रानात बाजरी असायची. पुरुष पेरणीची पाभर धरायचे आणि मागून आम्ही बायका मोघण धरायचो. तू पाटाच्या गावची, तू पाहिली नसशील. पाभरीच्या मागं दोरीला एक वेगळं नळकं बांधलेलं असतं. बाजरीच्या काही ओळी गेल्या की मधल्या एका ओळीत त्यातून तूर, मटकी, हुलगे सोडत चालायचं. कडेनं तीळ, कारळे, अंबाडी. बाजरी पुरुषांची, मोघण बाईची. ते धान्य कोणी मापून घेत नसे. ते आमच्या गाडग्यात जायचं, आमच्या हाताने शिजायचं, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईलाही मूठभर उरायचंच. खुरपताना तांदुळजा, घोळ अशी रानभाजी मिळायची ती वेगळीच.

उसामागं मोघण धरता येत नाही. ऊस आला, पक्कं घर आलं, घरात रेडिओ आला, आणि आमची गाडगी पालथी पडली. कोणाचा वाईट हेतू नव्हता. कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही.

"बाजारातून आना म्हनावं," चाँदबी म्हणाली.

पण बाजाराला पुरुष जातात. आणि हुलगे आणा हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? माझ्या तोंडात तर माती.

*

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ किसन भेटायला आला. माझं माहेर पाथर्डीकडचं, तिथं सगळं कोरडवाहू. आई आधीच गेलेली, आदल्या दिवाळीत वडीलही गेले. आम्ही दोघंच भावंडं.

त्याने पिशवीतून अंजिरी रंगाचं लुगडं काढून माझ्या पायाशी ठेवलं. चाँदबीने लगेच हात लांब करून काठ चाचपला. मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"आक्का, एक सही पायजे हुती. बाबांच्या मागं वारस लावायचेत. तलाठी म्हनतो, भैनीचं नाव बी लागतंय, न्हाईतर तिचं हक्कसोड आना."

असंच असतं आपल्याकडे. भाऊ लुगडं आणतो, बहीण सही करते. माझ्या मावशीने केली, आत्याने केली. अंगठा देणाऱ्यांना कागदात काय आहे ते कळतही नसे. पण मला चौथीचं वाचता येतं. मी बोट लावून वाचत गेले. 'मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय सदर मिळकतीवरील माझा हक्क कायमचा सोडून देत आहे.' 'मिळकत' कळायला दोनदा वाचावं लागलं. 'स्वखुशीने' एकदाच.

"किसन, ही खुशी कुनाची?"

"कुनाची म्हंजे? तुजीच की. समद्या कागदात तसंच असतंय."

"मला कुटं कुनी इचारलं?"

"आता इचारतोच हाय की!"

त्याला हसू आलं, मलाही. पण हात पुढं जाईना. सही नाही केली तर माहेर तुटतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. मग दिवाळीला न्यायला कोणी येत नाही, पोरीच्या लग्नात मामा उभा राहत नाही. माझ्याकडे दुसरं माहेर नव्हतं.

चाँदबी छताकडे बघत म्हणाली, "मला बी साडी दिल्ती भावांनी. हिरवी. तीन वर्सांत फाटली. रान अजून हाय तिथंच हाय."

मी डोळे मिटले आणि एका दमात बोलले, "बाकी समदं तुजं. त्यात माजी खुशी हाय. ओढ्याजवळचा खोलगट, लवणातला तुकडा माझ्या नावावर ऱ्हाऊ दे. आई जिथं मोघण धरायची, तेवढाच."

किसनचं तोंड उघडंच राहिलं. मी माहेरी कधी भाजी पुन्हा मागून घेतली नव्हती. "तू तिथं कवा यायची रान वाहायला? पाटाच्या गावची सून, लोक हसत्याल, आक्का."

"हसू दे."

त्याने कागदाची घडी घातली. रागावला नाही, हसलाही नाही. चहा न घेता निघून गेला. लुगडं तिथंच राहिलं.

*

नंतरचे दिवस आजारापेक्षा जड गेले. किसन परत आला नाही. निरोप नाही, पत्र नाही. चार वाजता भेटायला येणारी माणसं आत यायची आणि मी प्रत्येक पांढऱ्या टोपीत त्याला शोधायचे. मीच माझं माहेर मोडलं असं वाटायचं. मातीची इतकी आठवण यायची की तळव्याला घाम फुटायचा. मालन सिस्टर म्हणायची, "आठवन आली की मला हाक मार." मी हाक मारायचे नाही. पण ती येऊन तिळाची चिमूट तोंडात टाकून जायची. स्वतःच्या घरून आणायची.

एका सकाळी हात धुताना नखांच्या मुळाशी मला तांबूस कोर दिसली. बारीक, चंद्रासारखी. आधी वाटलं कुंकू लागलंय. घासून पाहिली, जाईना. चाँदबीला दाखवली. ती म्हणाली, "ईदचा चाँद दिसला बग तुला!" आणि सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगितलं.

घरी जायच्या दिवशी आत्याबाई आणि हे न्यायला आले. बाईंनी यांना समोर उभं करून सांगितलं, "हिला सगळ्यांबरोबर जेवायला बसवायचं. शेवटी नाही. नाहीतर पुन्हा तुमचंच रक्त घ्यावं लागेल." यांनी लगेच मान हलवली.

बाहेर येताना हे म्हणाले, "आता तुज्या अंगात माजं रगत हाय. आता तरी ऐकत जा."

"म्हनूनच तर बोलायला लागले," मी म्हणाले. माझं मलाच खरं वाटेना. आत्याबाई इतक्या हसल्या की पायरी चुकल्या.

दवाखान्याच्या फाटकाशी किसन उभा होता. खांद्यावर गाठोडं. माझे पाय थांबले.

"आक्का, उशीर झाला," तो म्हणाला. "तलाठी गावात सापडंना. लवणातल्या तुकड्याला तुजं नाव लावायला अर्ज दिलाय. बाकीच्याचा कागद नवा करून आनलाय, वाचून मग सही कर. तलाठी म्हनला, असं पयल्यांदाच बगतोय. मी म्हनलं, माजी बी पयलीच आक्का हाय."

मग त्याने त्याच्या बायकोचं, अंजनीचं सांगितलं, "घरी गेल्यावर अंजनीला सांगितलं. वाटलं, ती भांडंल. तर ती चुलीपुढं बसून रडायला लागली. म्हनली, माज्या भावानं बी मला लुगडंच दिलं, मला मागायचं सुचलं न्हाई. द्या आक्काला. मग काय, दोन दिस मला भाकरी गोड लागंना."

मी पिशवीतलं अंजिरी लुगडं काढून त्याच्यापुढं धरलं.

"ठेव की. भावानं दिलंय, कागदानं न्हाई."

गाठोड्यात हुलगे, मटकी आणि कारळे होते. बियाण्यापुरते आणि खायला थोडे. हे म्हणाले, "पन तिकडं जाऊन रान वाहनार कोन?"

आत्याबाईंनी गाठोडं काखेत मारलं. "मी जाते तिच्यासंगं. हुलग्याचं शेंगोळं खाऊन किती वर्सं झाली! तुमचा ऊस चोखून दात तेवढे पडले."

*

मृगाच्या पेरणीला आम्ही दोघी गेलो. पाऊस थांबून रानाला वाफसा चांगला आला होता. किसनने पाभर धरली आणि मागं मोघण मी. हात विसरले असतील असं वाटत होतं, पण मुठीतून दाणे आपसूक सुटत गेले. पाऊस पुढं बेताचाच झाला, तरी हुलगे आले. हुलग्यांना फार लाड लागत नाहीत. तू या घरात पहिल्या दिवशी जे शेंगोळे खाल्लेस आणि पुन्हा मागायला लाजलीस, ते त्याच रानातले.

सातबारा आला तेव्हा मी बोट लावून माझं नाव वाचलं. संपूर्ण, यांच्या नावासकट, आडनावासकट. चौथीचं शिक्षण एवढ्यासाठी पुरे झालं.

त्या पेरणीच्या दिवशी शेवटची ओळ संपली आणि मी बांधावर टेकले. ओल्या मातीचा वास सगळीकडे भरला होता. सवयीने मी एक ढेकूळ उचललं आणि नाकाशी नेलं. थांबले. तोंडाला पाणी सुटतंय का ते बघत होते. नव्हतं सुटत. वास होता, चांगला होता, पण पोटातून ओढ येत नव्हती.

किसनने पाभरीवरूनच पाहिलं आणि ओरडला, "आक्का, खाऊ नगं गं! सातबाऱ्यावर कमी भरंल!"

आत्याबाई बांधावर लोळून हसल्या. मी ढेकूळ खाली ठेवलं. माझ्याच रानात.

हौसा, वही वाचलीस की परत माझ्या हातात देऊ नकोस, मला लाज वाटेल. काही बोलूही नकोस. दुपारी भाकऱ्या झाल्या की फक्त माझ्या शेजारी येऊन बस आणि गाठ सोडून खडा चुलीत टाक. मी आपल्या दोघींची ताटं आधी वाढीन.